आधी हात कुणी करायचा

आळंद ते उमरगा ह्या रस्त्यावर आजवर जेवढे रामराम, सलाम आणि शरणार्थ झाले असतील ते सगळे एकीकडे ठेवा आणि आमच्या दाजींनी स्कूटरवरून केलेले हात दुसरीकडे ठेवा. दाजींचेच जास्त भरतील. मी पैजेवर सांगतो. समोरून दोन चाकांचं आणि इंजिनाचं काहीही येताना दिसलं की दाजी ताठ बसत, घसा साफ करत आणि हात करायच्या तयारीला लागत. हा काही त्यांचा धर्म नव्हता. धर्म त्यांच्या घरानं छप्पननंतर चांगला विचार करून बदलला होता आणि तो ते सरळ, गाजावाजा न करता पाळत. पण धर्मात नव्हते तेवढे नियम त्यांनी ह्या हात करण्यात घालून ठेवले होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. ढोरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्याच्या आगेमागे त्यांनी गुलबर्ग्याच्या एका रिटायर डॉक्टरांकडून जुनी स्कूटर घेतली. मी त्याच रस्त्यावरच्या एका गावात मराठी शाळेवर मास्तर होतो, आणि तिकडची मोटार मला एक तर शाळेचं कुलूप उघडायच्या आत पोचवी नाहीतर मधली सुट्टी झाल्यावर. म्हणून नऊ वर्षं मी दाजींच्या मागं बसून गेलो. त्यामुळे ह्या विषयावर बोलायचा अधिकार मला आहे. समजण्याचा नाही. आधी हात कुणी करायचा, हे मला तेव्हाही उमगलं नाही आणि आजही उमगलेलं नाही.

त्या काळी त्या रस्त्याला अशा गाड्या मोजून दहा-बारा असतील. एक दवाखान्याचे डॉक्टर, दोन-तीन तुरीचे आडते, फौजदार, एखादा इंजिनियर, बाकी दाजींसारखे. समोरासमोर आलं की एकमेकांना हात करायचा, ही रीत कुणी पाडली ठाऊक नाही. दाजींचं म्हणणं, ती आपोआप पडली. "रस्त्यात बंद पडलो तर दुसरा कोण हाय आपल्याला? बैलगाडीवाला येऊन प्लग साफ करून देणार हाय का?" इथपर्यंत मलाही पटत होतं. गोंधळ त्याच्या पुढं होता. चढ चढणाऱ्याला उतरणाऱ्यानं आधी हात करायचा, कारण चढणाऱ्याची गाडी आधीच रडत असते. मोकळ्या माणसानं ओझंवाल्याला आधी करायचा. समोरच्याच्या मागं बायको असेल तर नुसती चार बोटं उचलायची. पण तिच्या मांडीवर लेकरू असेल तर परत आख्खा हात. का? तर लेकराला दिसला पाहिजे. मागं शेळी बांधलेली असेल तर हात करायचा नाही, कारण त्याला उलट करता येत नाही आणि माणूस उगाच ओशाळतो. स्कूटरनं फटफटीला आधी करायचा का फटफटीनं स्कूटरला, ह्याची मला नऊ वर्षांत चार वेगवेगळी उत्तरं मिळाली आणि चारही दाजींनी तितक्याच ठासून दिली. एक नियम मात्र कधी बदलला नाही. मागं बसलेल्यानं हात करायचा नाही. "गाडी ज्याची, हात त्याचा. मागं बसून तू हात करायलास तर समोरच्याला काय वाटंल, चालवणाऱ्याचा हात मोडलाय?"

बरं, हात करायचा तो कुठला? इथं तर माझं डोकंच उठायचं. स्कूटरची रेस उजव्या मुठीत. उजवा हात सोडला की गाडी मेली. शहाण्या माणसानं डावा हात करावा. पण दाजींना डावा हात केलेला चालत नसे. "डाव्या हातानं कुणी वाढलं तर जेवशील का तू?" ते मला विचारत. मी म्हणे, दाजी, आपण जेवायला नाही, शाळेत चाललोय. समोरची गाडी दिसली की ते आधी रेस वाढवत, स्कूटर थरथरत पळायला लागे, मग ऐन वेळी ते उजवा हात सोडून तळहात खांद्याइतका वर करत आणि त्या सबंध वेळात गाडी उचक्या देत देत मंद होई. हात खाली येऊन मुठीवर पडला की पुन्हा हिसका. मी दर हाताला एकदा त्यांच्या पाठीवर आणि एकदा मागच्या स्टेपनीवर आदळे. चढावर तर ती साफ बंदच पडे, आणि ज्याला मानानं हात केला तो आडत्या पुढं निघून गेलेला असे आणि आम्ही दोघं किका मारत असू.

गैरसमज तर रोजचेच. आपल्याकडं हात केला म्हणजे 'थांब' असाही अर्थ होतोच की. एकदा खत विकणारा एक नवा माणूस फटफटीवरून समोरून आला. दाजींनी हात केला. तो पुढं जाऊन थांबला. तो थांबला म्हणून दाजी थांबले. दोघंही गाड्या वळवून एकमेकांकडं आले.

"काय झालं साहेब?" तो म्हणाला. "पेट्रोल संपलं काय?"

"न्हाई. तुमचं संपलं काय?"

"न्हाई की. मग हात कामून केलात?"

"तुम्ही समोरून येलाव म्हणून."

तो बिचारा दाजींकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिला. मी मान खाली घातली, दुसरं काय करणार? शेवटी दाजींनी त्याला तिथंच उन्हात उभं करून सगळे नियम समजावून सांगितले. त्याला काय समजलं कोण जाणे, पण पुढं दोन महिने तो आम्हाला दिसला की लांबूनच दोन्ही हात सोडून नमस्कार करायचा आणि माझा जीव टांगणीला लागायचा. फौजदारांच्या बाबतीत तर दाजींचा स्वतःचाच निकाल झालेला नव्हता. त्यांना सलाम करायचा का हात करायचा? एक दिवस वळणावर फौजदार अचानक समोर आले. दाजींनी हात वर केला, मध्येच विचार बदलून तो कपाळाकडं नेला, आणि आम्ही माझ्या डब्यासकट तुरीच्या रानात गेलो. फौजदार थांबले नाहीत. त्यांनी हात मात्र केला, असं दाजी तुरीतून उठता उठता मला सांगत होते, आणि त्यांच्या गुडघ्यातून रक्त येत होतं.

आक्का वैतागे. "जगाला हात करत फिरतंय माणूस," ती म्हणे, "घरी आल्यावर बायकोनं हाक मारली तर 'ओ' देत न्हाई." मीही एकदा चिडलो. पावसाचिखलात हात करायच्या नादात त्यांनी मला तिसऱ्यांदा पाडलं होतं, आणि शाळेत पोरं माझ्या धोतराकडं बघून हसली होती. संध्याकाळी मी म्हटलं, दाजी, हा काय पोरखेळ लावलाय? कोण लागून गेले हे लोक? दाजी स्कूटर पुसत होते. पुसता पुसताच म्हणाले, "पाटलाचं घोडं दिसलं की आमचा बाप चपला हातात घेऊन बांधावर उतरायचा, मास्तर. घोडं जाईस्तोवर मान खाली. आज्यानं मेलेली ढोरं वढली. मी जित्या ढोराला सुई टोचतो, आन् ह्या रस्त्यानं जाताना समोरचा मला हात करतो. मी त्याला करतो. तो बी मान खाली घालत न्हाई, मी बी न्हाई. हे तुला पोरखेळ वाटायलाय?" माझाही बाप त्याच बांधावर उतरलेला होता. मी शिकून ते विसरायच्या मागं होतो आणि हा माणूस ते रोज उजव्या हातानं फेडत होता. त्यानंतर मी पडलो तरी कुरकुर केली नाही. म्हणजे मनातल्या मनात केली.

ह्या सगळ्या हातांत दाजींच्या खास मर्जीतला हात एक होता. दर गुरुवारी सकाळी, चिंचेच्या वळणाच्या अलीकडं, समोरून एक काळी फटफटी येई. वर पांढरा पटका, डोळ्यांवर गॉगल, पिकत आलेल्या मिश्या, वयानं दाजींहून थोडे थोर. ते गृहस्थ आळंदच्या बाजाराकडं जात आणि आम्ही आळंदहून निघालेले असू. त्यांची गाडी जड. रेस सोडली तरी ती आपल्या तोऱ्यात चालत राही आणि त्यांचा हात सावकाश, थेट, उजवाच, वर जाई. कधी त्यांचा आधी, कधी दाजींचा. चार वर्षांत एक गुरुवार चुकला नाही. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, एक शब्द बोललेले नाहीत. पण गुरुवारी सकाळी दाजी दाढी करत आणि धुतलेला सदरा घालत. "माणूस बघ कसा हाय," फटफटी मागं पडल्यावर ते मला म्हणत, "हात करावा तर ह्यानं."

आणि मग तो बैल आजारी पडला. दाजींच्या दवाखान्याच्या हद्दीबाहेरच्या एका गावात पाटलांचा बैल फुगला होता, तिथला कंपाउंडर रजेवर होता, म्हणून दाजींना धाडलं. दाजी वाड्यासमोर स्कूटर लावतात तर बाजूला ती काळी फटफटी उभी. आतून तोच पटका बाहेर आला. पाटील बघतच राहिले आणि मग मोठ्यानं म्हणाले, "आरं तुमी! स्कूटरवाले अण्णा! या या!" दोघंही एवढे हरखले की बैल बाजूलाच राहिला. मग दाजींनी बैलाला औषध पाजलं, पोट चोळलं, तासाभरात बैल उठून उभा राहिला. पाटील ओसरीवर घेऊन गेले, बसायला घोंगडं टाकलं, आणि आपल्याकडं प्रत्येक ओसरीवर जो प्रश्न येतो तो आला.

"कुणापैकी म्हणायचं?"

दाजींनी सांगितलं. "बौद्ध हाव आम्ही. जयभीमवाले."

"बरं," पाटील म्हणाले. मग थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "बरं." मग चहा आला. पाटलांना कपबशीत, दाजींना काचेच्या गिलासात. दाजींनी चहा घेतला, औषधाची चिठ्ठी लिहून दिली आणि निघाले.

झालं एवढंच. पण पुढचे पाच दिवस दाजींनी मला खाऊन टाकलं. "आमच्या लहानपणी आमच्यासाठी कपबशी वळचणीला खोचलेली असायची, ती मला लांबून वळखू येते. ह्यो तर आतून आणलेला गिलास. काचेचा. काचेचा गिलास फौजदाराला बी देतात. देतात का न्हाई?" मी म्हटलं, देतात. "पण मग सोता कपात का घेतला?" मी म्हटलं, सवय असेल. "आन् विचारलं आधी, च्या मागून आला. उलटं झालं असतं तर कळलं असतं." मी म्हटलं, कळलं असतं. "काय कळलं असतं?" आता हे मला काय ठाऊक? आक्का म्हणाली, बैल बरा झाला ना, मग माणसाचं कशाला उगाळायलाव? दाजी जेवता जेवता उठून गेले. बुधवारी संध्याकाळी मात्र त्यांचा निर्णय झाला. "उद्या मी आधी हात करणार न्हाई. त्यांनी करायचा. केला तर केला. न्हाई केला तर..." मला एकदम धास्ती वाटली. एवढ्या चार वर्षांचे गुरुवार, दाढी, धुतला सदरा, सगळं उद्याच्या एका हातावर येऊन ठेपलं होतं.

गुरुवारी दाजींनी दाढी केली. वाटेत दोन आडते हात करून गेले, त्यांना उलट हात केला तोही नावापुरता. चिंचेचं वळण आलं आणि फटफटीचा आवाज आला. मग पटका दिसला. मी दाजींच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. अंतर कमी कमी होत होतं. दाजींच्या दोन्ही मुठी हँडलवर, पाटलांच्याही दोन्ही मुठी हँडलवर. दाजींची रेस वाढली होती, म्हणजे हात सोडायची तयारी होती. पण हात सुटत नव्हता. समोरचाही सुटत नव्हता. आता चेहरा दिसायला लागला. गॉगलमुळे नजर कुठं आहे कळेना. एवढ्यात आम्ही एकमेकांना ओलांडून जाणार आणि मग संपलं. मला ते सोसलं नाही. काय झालं मला, देव जाणे, मागं बसल्या बसल्या मी हात वर केला. चांगला डोक्याच्या वर, आख्खा.

आणि पाटलांचा हात वर गेला.

दाजींनी स्कूटर थांबवली. उतरले. फटफटीचा आवाज आळंदकडं लांब जाईपर्यंत ते तसेच उभे होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू हात कामून केलास?"

मीही खाली उतरलो.

"आता मला कसं कळायचं?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "त्यांनी कुणाला केला हात? तुला का मला? तू केला नसतास तर केला असता का न्हाई? आता कुणाला विचारू मी?"

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मागं बसवत मात्र होते. पुढच्या गुरुवारी पाटलांनी लांबूनच, दाजींच्या आधी, हात केला. मी आनंदानं म्हटलं, बघा दाजी, केला की नाही? दाजींनी उलट हात केला, पण म्हणाले, "ह्यो तुझ्या मागल्या हाताचा जबाब हाय. उधारी फेडली त्यांनी. ह्याला धरता येत न्हाई." त्याच्या पुढच्या गुरुवारचा हात ह्या गुरुवारचा जबाब, आणि असं पुढं. पाटील फटफटी चालवत होते तोवर वर्षानुवर्षं ते हात होत राहिले, दाजी दर गुरुवारी दाढी करत राहिले, पण तो एक गुरुवार माझ्यामुळं कायमचा कोरा राहिला. मी त्यांची शंभरदा माफी मागितली असेल. ते म्हणत, "तुझं काय चुकलं? भ्यालास तू." मग जरा वेळानं, "मी बी भ्यालो होतो."

पुढं माझी बदली झाली, दाजी रिटायर झाले, स्कूटर विकली. रस्त्याला एवढ्या गाड्या झाल्या की कुणी कुणाला हात करायचं म्हटलं तर दिवसभर हातच वर ठेवावा लागला असता. एका गुरुवारी आळंदच्या स्टँडवर मला एका काठीवाल्या म्हाताऱ्यानं थांबवलं. पटका होता, गॉगल नव्हता. "तुमी ते मागं बसणारे गुरुजी न्हवं?" पाटील दर गुरुवारी गुडघ्याच्या इलाजाला सोलापूरला जात. इकडचं तिकडचं बोललो आणि मग ते काठीकडं बघत म्हणाले, "एक विचारायचं राहून गेलंय. बैल बरा करून गेले, त्याच्या पुढल्या गुरुवारी तुमच्या दाजींनी हात केला न्हाई. तुमी केलात. आमचं काय चुकलं होतं का?"

हो म्हणू का नाही म्हणू? गिलासाचं सांगू का? एवढ्या वर्षांनी हा माणूस ते मनात घेऊन बसलाय, म्हणजे त्याचा हात येणारच होता का, का थांबलाच होता? "न्हाई," मी म्हटलं, "तसं काय न्हाई." मोटार आली आणि ते चढले.

मी तडक आक्काकडं गेलो आणि दाजींना सगळं सांगितलं. दाजी बाजेवर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे मीच आधी करायला पाहिजे होता का रं?" त्यांचे ते नियम मी जन्मभर हसण्यावारी नेले; पण त्या वेळी मी जोरात म्हणालो, "न्हाई दाजी. त्यांनीच करायचा होता." दाजींनी मान हलवली. पटलं का नाही, कळलं नाही. एवढंच विचारलं, "मोटार किती वाजता हाय म्हणालास?"

पुढच्या गुरुवारी दाढी करून, धुतलेला सदरा घालून ते माझ्याबरोबर स्टँडवर आले. मोटार लागली होती. पाटील खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, जा की दाजी, बोला जाऊन. "बोलायचं काय?" दाजी म्हणाले. "आमचं बोलण्यातलं न्हाई. एकदा बोललो तर एवढं झालं." आणि ते फलाटावर, सरळ त्या खिडकीसमोर जाऊन, हात बाजूला सोडून उभे राहिले. पाटलांनी त्यांना पाहिलं. मोटारीनं आवाज केला. मी माझे दोन्ही हात खिशात घातले आणि पाठ फिरवून भिंतीवरचं मोटारींचं वेळापत्रक वाचायला लागलो. बिदर, हुमनाबाद, अक्कलकोट, उमरगा, सगळं दोनदा वाचलं. मोटार हलल्याचा आवाज आला तेव्हा वळून पाहिलं, तर दोघांचेही उजवे हात वर होते.

आधी कुणाचा गेला ते मी पाहिलं नाही. दाजींनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. येताना ते वाटभर हसत होते, एवढं मात्र खरं. आता दोघंही गेले, आणि कुणाला विचारावं ते मला कळत नाही.